चालू ओळ : डहाणू-तलासरीच्या कागदांवरून

डहाणू किंवा तलासरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्याची जुनी नावांची यादी घ्या आणि वरून खाली वाचत या. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या, पुन्हा सोमा. वारली घरांत जन्मवारावरून नाव ठेवायची रीत जुनी आहे. एका पाड्यात तीन-चार सोमा सहज निघतात, आणि निम्म्या घरांचं आडनाव एकच असलं तर बापाचं नाव वाचेपर्यंत कोण कोणता ते कळत नाही. अशा यादीची नक्कल करताना लिहिणाऱ्याची नजर वरच्या सोमावरून उठते, हातातल्या कागदावर येते, आणि परत जाते ती खालच्या सोमावर. मधल्या ओळी गळतात. गळलेल्या ओळीत कुणाची तरी जमीन असते, कुणाचं तरी कूळ म्हणून लागलेलं नाव असतं.

संगणकावर मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमला आम्ही एडिटर म्हणतो. कर्सर ज्या ओळीत असेल ती अख्खी ओळ मागून फिक्या रंगाने उजळवायची सोय आता बहुतेक चांगल्या एडिटरांत मिळते. माझ्या टायपिंगच्या वर्गासाठी लिहिलेल्या छोट्या एडिटरात ती मी स्वतः घातली. बघणाऱ्यांना ती सजावट वाटते. मला ती आमच्या भागातली एक जुनी खबरदारी वाटते. वाचत असलेल्या ओळीवर खूण ठेवायची, ती ओळ संपल्याशिवाय खूण हलवायची नाही, ही ती खबरदारी. तिचा इतिहास मी तीन ठिकाणी पाहिला: वडिलांच्या टेबलावर, टायपिंग यंत्राशेजारी आणि पडद्यावर.

माझे वडील डहाणूत अर्जनवीस होते. कचेरीबाहेर एक टेबल, दोन खुर्च्या, शाईची दौत, अंगठ्याचं पॅड आणि एक लाकडी गोल रूळ, एवढा त्यांचा संसार. कुर्झ्याचा, सायवनचा, गंजाडचा, उधव्याचा माणूस कागद घेऊन यायचा. आलेला कागद आधी पूर्ण वाचून दाखवायचा, मगच त्याचं उत्तर लिहायचं, असा त्यांचा नेम होता. वाचताना रूळ ओळीखाली असायचा. एक ओळ वाचली की थांबायचे, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे, समजलं असं दिसलं की रूळ खाली सरकायचा. ‘दादा, ही ओळ तुमची आहे, नीट ऐका,’ असं ते म्हणायचे. त्या आवारात वारल्याला ‘अरे’ म्हणायची पद्धत होती, आणि वडील ‘दादा’ म्हणायचे, हे मला लहानपणीच लक्षात आलं होतं.

त्या रुळामागे इथला मोठा इतिहास उभा होता. 1903च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली आणि जमीन कुणाची हे गावनमुन्यातल्या ओळींवर ठरू लागलं. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार, 7 म्हणजे अधिकार अभिलेख, 8-अ म्हणजे खातं, 12 म्हणजे पीक. कसणारा एक, नोंद दुसऱ्याची, आणि कसणाऱ्याला वाचता येत नाही, अशी इथली गत होती. खावटीसाठी धान्य उचलायचं, त्यावर व्याज चढायचं, कुठल्याशा कागदावर अंगठा उमटायचा आणि जमीन सावकाराच्या नावावर जायची. लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी नवरा-बायको दोघंही मालकाकडे बांधली जायची, त्यांना लग्नगडी म्हणत. मोडी लिपीतला कागद तर वारल्याला पूर्णच बंद. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लावत जायचा. शब्दांमध्ये जागा नसायची. ज्याला सवय नाही त्याला एक ओळ म्हणजे एक अखंड रेघ दिसायची.

जानेवारी 1945मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे इथले वारली गेले होते. त्याच वर्षी 23 मे रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा, लग्नगडीपण मोडण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबर 1945मध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारं लिहून ठेवलं. 1970मध्ये ते आलं, 1972मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या लढ्याची आठवण काढताना मला नेहमी एक गोष्ट सांगावीशी वाटते. वेठ लाठीने लादली जायची आणि जमीन ओळीने जायची. लाठी अडवायला माणसं एकत्र यावी लागली. ओळ अडवायला ती कुणीतरी मोठ्याने, सावकाश, एकेक करून वाचावी लागली.

कुळकायदा 1948चा. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कसणारा कूळ मालक मानला गेला, पण ते सिद्ध करायला पुन्हा नोंद हवी. पीकपाहणीत नाव आहे का, इतर हक्कांत कूळ म्हणून लागलं आहे का, ते बघावं लागे. 1974च्या कायद्याने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करायची वाट उघडली. तिथेही जुन्या फेरफारांच्या नकला मागवाव्या लागल्या. भरीला 1960मध्ये राज्य वेगळं झालं, उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि इकडे राहिलेल्या गावांचा तलासरी महाल झाला. म्हणून तलासरीतल्या एकाच शेताचा जुना कागद ‘तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे’ म्हणतो, नंतरचा ‘तलासरी, जिल्हा ठाणे’ आणि 1 ऑगस्ट 2014नंतरचा ‘तलासरी, जिल्हा पालघर’. वडिलांकडे येणारा माणूस असे वेगवेगळ्या काळांतले कागद फडक्यात बांधून आणायचा. ते एकाखाली एक ठेवून, सगळ्या कागदांतली तीच ओळ शोधून जुळवणं हे अर्जनविसाचं खरं काम होतं. रूळ त्यासाठी लागायचा.

त्या लढ्याच्याच काळात, आमच्यापासून जवळच, वाचणारी पहिली पिढी घडत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यायची म्हणून अंगणवाडी निघाली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. ज्याच्या घरात याआधी कुणी पुस्तक उघडलेलं नाही ते मूल वाचायला लागतं तेव्हा त्याचं बोट ओळीखाली असतंच. काही मास्तर ते बोट उचलायला लावायचे, वाचनाचा वेग कमी होतो म्हणायचे. माझं मत उलट आहे. बोट म्हणजे त्या मुलाने स्वतःपुरती केलेली खबरदारी. ते गळून पडेल तेव्हा पडेल, आपण ते काढू नये.

मी टायपिंगकडे वळले ती वडिलांमुळेच. 1964च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामात मराठी वाढली आणि मराठी टंकलेखकांना मागणी आली. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेचं मराठी टायपिंगचं, मिनिटाला 30 आणि 40 शब्दांचं प्रमाणपत्र म्हणजे कारकुनाच्या नोकरीचं दार. गावोगावी टायपिंगच्या संस्था निघाल्या. लाकडी बाकांवर ओळीने यंत्रं, सकाळपासून रात्रीपर्यंत तासातासाच्या तुकड्या. मराठी यंत्रावर उकाराची, रफाराची कळ दाबली की गाडी पुढे सरकायची नाही. मग पुढचं अक्षर त्याच जागेवर येऊन बसायचं. हे एकदा बोटांत मुरलं की पुढे नजरेचाच प्रश्न उरायचा.

यंत्रावर त्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटलेला होता. कागद रोलरभोवती गुंडाळलेला, अक्षर उमटायची जागा ठरलेली. ओळ संपली, लिव्हर ओढला, की कागद एक ओळ वर जायचा आणि नवी ओळ नेमकी पहिलीच्याच उंचीवर यायची. चालू ओळ कधी हलायचीच नाही, हलायचा तो कागद. टंकलेखकाला आपण काय टाइप करतोय ते शोधावं लागायचं नाही. उरलेला अर्धा भाग शेजारी ठेवलेल्या मूळ मजकुराचा. तिथे आम्ही फूटपट्टी ठेवायचो. आमच्या बाई फेरी मारताना फूटपट्टी जागेवर नसलेल्या मुलीचं यंत्र थांबवायच्या. वेग नंतर येईल, आधी ओळ सांभाळ, हे त्यांचं वाक्य मी आजही वर्गात जसंच्या तसं म्हणते.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाकडे बघू, कारण तिथे हीच गोष्ट वेगळ्या रस्त्याने घडली. 1969मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स या प्रणालीसाठी एड नावाचा एडिटर लिहिला. तेव्हा लिहिणाऱ्यासमोर पडदा नव्हता, कागदावर छापणारं टेलिटाइप यंत्र होतं. सगळा मजकूर एकदम दिसायचा नाही. म्हणून एडमध्ये ‘चालू ओळ’ ही कल्पनाच पायाशी होती. ओळ न सांगता आज्ञा दिली तर बहुतेक वेळा ती चालू ओळीवर चालणार. ती ओळ सांगायची खूण म्हणजे एक टिंब. टिंब लिहिलं की एड ती ओळ छापून दाखवायचा. म्हणजे चालू ओळ डोळ्यांना दिसण्याआधी ती प्रोग्रॅमच्या मनात होती. पुढे 1976च्या सुमारास बर्कलेत बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला. पडदा आला, अख्खं पान दिसू लागलं, आणि चालू ओळीची जबाबदारी एका लुकलुकत्या कर्सरवर आली.

पानभर मजकुरात एवढीशी खूण शोधणं सोपं नसतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ते आधी जाणवलं, कारण त्यांच्याही मजकुरात सारख्या दिसणाऱ्या ओळी एकाखाली एक असतात. ईमॅक्स या एडिटरच्या 2001मधल्या 21व्या आवृत्तीत ओळ उजळवायची सोय होती. नील हॉजसन यांच्या, एडिटर बनवायला वापरायच्या सिंटिला या तयार घटकात ती होती, आणि त्यावर उभं असलेलं, 2003मध्ये आलेलं नोटपॅड प्लस प्लस आमच्याकडच्या मुलांनाही ठाऊक आहे. व्हीआयचा वारस व्हिम, त्याच्या मे 2006मधल्या सातव्या आवृत्तीत ‘कर्सरलाइन’ आली.

मराठीची वाट वेगळी होती. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्र तयार झालं, 1988मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली, 1991मध्ये भारतीय लिप्यांच्या अक्षरसंकेतांचं इस्की हे प्रमाण ठरलं. तरी बरीच वर्षं मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप केला त्याच फाँटमध्ये वाचता यायचा. विंडोज 2000 आणि मंगल फाँटपासून साध्या संगणकावर युनिकोडमधली देवनागरी दिसू लागली. सगळी शक्ती अक्षर नीट दिसण्यात, जोडाक्षर न तुटण्यात खर्च झाली. ओळीकडे कुणी बघितलं नाही. यंत्रावरून संगणकावर आलेल्या माझ्या वर्गातल्या मुलींची त्यामुळे दोन्हीकडून पंचाईत झाली. एक तर चालू ओळ एका उंचीवर राहीना, पडद्यावर खाली खाली जाऊ लागली. दुसरं, मूळ मजकूरही पडद्यावर आला आणि पडद्यावर फूटपट्टी धरता येईना. शंभर वर्षांची खबरदारी, मला वाटतं, अशी कुणाच्या लक्षात न येता सुटली.

ती किती लागते हे 2017मध्ये साऱ्या राज्याने पाहिलं. हस्तलिखित सातबारे संगणकावर उतरवल्यानंतर ते मूळ नोंदींशी जुळतात का, हे तपासायला शासनाने चावडी वाचन घेतलं. गावातल्या लोकांसमोर संगणकीय सातबारा वाचायचा आणि चूक असेल तर सांगायची. माझ्या दृष्टीने महाराष्ट्राच्या महसुली इतिहासातली ही फार मोलाची गोष्ट आहे. संगणकाचा कागद पुन्हा माणसांसमोर, ओळीओळीने, मोठ्याने वाचला गेला. वडील असते तर रूळ घेऊन गेले असते. वनहक्क कायदा 2006चा, त्याचे नियम 2008चे. त्या कायद्याखालच्या दाव्यांच्या याद्याही अशाच लांब, अशाच सारख्या नावांच्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांचं नाव अशाच एका यादीच्या नकलेत गळलं होतं. वर एक बुध्या, खाली एक बुध्या, मधलं कुटुंब नाहीसं. ती मुलगी ते मला सांगत होती तेव्हाच मी ठरवलं की वर्गाच्या एडिटरात फूटपट्टी परत आणायची.

प्रोग्रॅम लिहायच्या क्यूटी नावाच्या साधनसंचात चालू ओळ उजळवायचा नमुना तयार मिळतो. कर्सर हलला की एडिटर तसा इशारा देतो. इशारा मिळाला की मागच्या ओळीचा रंग काढायचा, कर्सर आता कुठे आहे ते विचारायचं आणि त्या ओळीमागे पूर्ण रुंदीचा पट्टा भरायचा. माउसने चार ओळी निवडलेल्या असतील तर पट्ट्याच्या हिशेबापुरती ती निवड आधी सोडून द्यायची, नाहीतर चारही ओळी उजळतात. नमुन्यात रंग आहे साठ टक्क्यांनी उजळ केलेला पिवळा. थोड्याशा ओळींचा हा कोड आहे. पण तो इंग्रजी कोड लिहिणाऱ्यासाठी केलेला आहे, आणि मराठी लिहिणाऱ्याच्या गरजा तीन ठिकाणी वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट उंची. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. फाँट इंग्रजी धरला आणि मराठी अक्षरं दुसऱ्या फाँटमधून उसनी आली, तर ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठरू शकते. मग पट्टा भरताना वरच्या ओळीतल्या ‘पू’चा ऊकार झाकला जातो. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरकच दिसेनासा झाला तर ओळ उजळून काय मिळवलं? मी देवनागरी फाँटच मुख्य ठेवला, ओळींतलं अंतर वाढवलं, आणि सगळ्या ओळींमागचा रंग आधी, सगळी अक्षरं नंतर, असा क्रम लावला.

दुसरी गोष्ट ओळ कशाला म्हणायचं ही. कोड लिहिणारा दर ओळीला एंटर दाबतो. मराठीत अर्ज किंवा लेख लिहिणारा परिच्छेद संपल्यावर दाबतो. एंटरपासून एंटरपर्यंत ओळ मानली तर अख्खा परिच्छेद उजळतो आणि खूण निरुपयोगी होते. व्हिममध्येही पडद्यावरची एकच ओळ उजळवायचा पर्याय 2019मध्ये आला. मी पडद्यावर दिसते तीच ओळ धरली, कारण नजर तिच्यावरच चालते.

तिसरी गोष्ट, खूण कशाने करायची ही. काही एडिटर रंगाऐवजी ओळीखाली रेघ देतात. मराठीत ती रेघ उकारांतून आरपार जाते. ओळीभोवती चौकट दिली तर तिची वरची कड शिरोरेषेजवळ येते आणि डोळा दोन रेघांत अडकतो. म्हणून फक्त मागचा रंग, आणि तोही फिका, काळं अक्षर ठळक उठून दिसेल इतका.

यात मी एक भर घातली, आणि माझ्या मते तीच खरी फूटपट्टी. वर मूळ मजकूर, खाली टाइप करायची जागा. खाली मुलगी जिथवर पोचली असेल तिथली ओळ वरही उजळते. ओळ पूर्ण झाल्याशिवाय वरचा पट्टा खाली जात नाही. पट्टा सातवीवर आणि ती आठवी टाइप करतेय, असं झालं तर ते तिला लगेच दिसतं. मुली आता नावांच्या याद्या न घाबरता घेतात. यादीतली ओळ गाळणं वर्गात जवळपास थांबलं आहे. वेग थोडा उशिरा येतो, पण येतो.

माझी मागणी साधी आहे. मराठीसाठी एडिटर, फॉर्म भरायचे प्रोग्रॅम, नोंदी उतरवायची साधनं जे बनवतात त्यांनी चालू ओळ उजळवायची सोय पहिल्यापासून सुरू ठेवून द्यावी, देवनागरीच्या उंचीने आणि पडद्यावरच्या ओळीने मोजून द्यावी. टायपिंगच्या शिक्षकांनी ती पहिल्या दिवशी दाखवावी. ग्रामपंचायतीत, सेतू केंद्रात, कचेरीत संगणकासमोर बसणाऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती शोधावी, आणि नसेल तर पडद्यावर सरळ बोट ठेवावं. ज्याची नोंद तुम्ही करताय तो माणूस समोर असेल तर त्याला ती ओळ वाचून दाखवावी. डहाणू-तलासरीत एका ओळीची किंमत काय असते हे आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी मोजून दिलं आहे. ती पुन्हा कुणाला मोजायला लावू नका.